मालुबाईच्या घराला छाट

आमच्या निपाणीत बिडी वळणाऱ्या बाईची पत तिच्या छाटीवरून ठरते. वळलेल्या बिड्या घेऊन बायका कारखान्यात जातात. तिथं चेकर एकेक जुडी उचलतो, बोटांनी चेपून बघतो, आणि जी बिडी ढिली, तडकलेली किंवा ओलसर लागेल ती बाजूला फेकतो. ही फेकलेली बिडी म्हणजे छाट. मालुबाईच्या सुपातून पस्तीस वर्षांत छाट निघाली नव्हती, आणि ही गोष्ट ती कुणालाही ओळख झाल्यापासून दहा मिनिटांच्या आत सांगायची. मला तर तिनं ती इतक्या वेळा ऐकवली होती की मीच चेकर असते तर एखादी जुडी मुद्दाम फेकून दिली असती.

मी तारामती, तिची शेजारीण. सरकारी मराठी शाळेत बत्तीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवून रिटायर झाले. आमच्या परसातली मोरी मालुबाईच्या घराच्या मागच्या भिंतीला टेकून आहे. आमचं भांडण, आमची मैत्री आणि ही सगळी हकिगत त्या एका भिंतीची.

मालुबाई म्हणजे पाच फुटांपेक्षा कमी उंचीची, काटकुळी, आणि आवाजानं मात्र हायवेवरच्या ट्रकला मागं टाकणारी बाई. बोलणं आमच्या भागातल्या बायकांसारखंच, ‘मी करतो, मी जातो’. नवरा तंबाखूच्या वखारीत हमाल होता. तेजस्वी, त्यांची एकुलती एक मुलगी, दहावीत असताना तो गेला. त्यानंतर मालुबाईनं रडणं एका आठवड्यात आटोपलं आणि बिड्या वाढवल्या. पोरगी बी.कॉम. झाली, मच्छे गावच्या युवराजशी तिचं लग्न झालं, तो तिथल्याच कारखान्यात नोकरीला. जावई गरीब स्वभावाचा आहे. गरीब म्हणजे बोलायला.

मालुबाईचं घर दोन खोल्यांचं, स्लॅबचं. बाहेरची खोली आणि आतली खोली. आतल्या खोलीला गल्लीकडं एक खिडकी, आणि ती खिडकी मी कधी उघडी बघितली नव्हती. याचं कारण तिचा धंदा. बिडीचं पान आधी पाण्यात भिजवायचं, मग ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचं, म्हणजे ते मऊ राहतं आणि कातरताना, वळताना तडकत नाही. वारा लागला की पान कोरडं पडतं. शिवाय सुपातला तंबाखू उडतो तो वेगळाच. म्हणून खिडकी बंद, मधलं दार बंद, पुढचं दार लोटलेलं. कॉटखाली पानांची ओली पोती, कोपऱ्यात स्टोव्ह, डोक्यावर दोरीला वाळत घातलेले कपडे. मी कधी म्हटलं, "मालुबाई, जरा हवा येऊ द्या," तर ती म्हणायची, "आक्का, आमच्या धंद्यात वल म्हंजे लक्ष्मी. दार उघडून लक्ष्मीला घालवू व्हय?"

आमच्याकडचा पाऊस कोसळतो कमी आणि रेंगाळतो जास्त. मृगात आला की गणपती बोळवल्यावरच जातो. त्या तीन महिन्यांत मालुबाईची मागची भिंत, म्हणजे माझ्या मोरीकडची, घाम फुटल्यासारखी ओली व्हायची. आधी वरच्या कोपऱ्यात करडा ठिपका, मग काळी बुरशी, ती हळूहळू खाली उतरत ट्रंकेमागं जायची. साड्यांना कुबट वास. आणि या सगळ्याला जबाबदार कोण, तर मी.

"तुमच्या मोरीचं पाणी मुरतंय आक्का."

"माझ्या मोरीला फरशी आहे. उतार पलीकडं आहे."

"उतार पलीकडं, पर पाणी अलीकडं."

दरवर्षी हा संवाद व्हायचा. दरवर्षी गुंडू गवंडी यायचा, भिंत ठोकून बघायचा आणि काहीतरी थापून जायचा. एकदा सिमेंट, एकदा वरून डांबर, आणि शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून आतून चकचकीत ऑइलपेंट. ऑइलपेंटवर पाणी आणखीच छान दिसायचं, थेंब थेंब मोत्यांसारखं. भांडण तेवढ्यापुरतं असायचं. संध्याकाळी ती माझ्याच कट्ट्यावर बसून माझाच चहा प्यायची.

मागच्या वर्षी मात्र हे प्रकरण हसण्यावारी राहिलं नाही. तेजस्वीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीतच. पण मालुबाईच्या लेखी ती नुसती रीत नव्हती. तेजस्वीच्या वेळी तिची स्वतःची आई राहिली नव्हती. बाराव्या दिवशी बारसं झालं आणि बारशाच्याच दुपारी हिच्या मांडीवर सूप आलं. पोर बाजूला झोळीत रडतंय आणि ही पान कातरतेय. हे तिनं मला आयुष्यात एकदाच सांगितलं होतं, छाटीसारखं पुन्हा पुन्हा नाही. तेजस्वीची बातमी कळली त्या दिवशी ती कट्ट्यावर येऊन म्हणाली, "आक्का, चाळीस दिस. माझ्या लेकीच्या मांडीवर चाळीस दिस तिच्या पोराबिगर काय ठेवू देणार न्हाय मी."

डिंक आणला, खारीक कुटली, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. आतली खोली फरशीची, सारवता येत नव्हती म्हणून तीनदा पुसली. सातव्या महिन्यात, आषाढ लागता लागता, विहीणबाई नागुबाई स्वतः तेजस्वीला घेऊन आल्या.

नागुबाई वाईट बाई नाही, हे आधीच सांगते. मच्छ्याच्या शेतकरी घरातली, मोजकं बोलणारी, आणि जे बोलेल त्याला धरून राहणारी. चहा झाला. तेजस्वीची बॅग ठेवायला मालुबाईनं आतल्या खोलीतली ट्रंक पुढं ओढली आणि घात झाला. ट्रंकेमागची सगळी भिंत काळी होती. नागुबाई उठल्या, भिंतीवर तळहात ठेवला, काढला, हाताकडं बघितलं आणि पदराला पुसला.

"मालुबाई, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "घर चांगलं हाय, मानसं चांगली हाईत. पर भिंतीला हात लावला तर हात वला हुतोय. माझ्या थोरलीचं पोरगं असल्याच खोलीत पावसाळाभर खोकलंय. दवाखान्यात ठेवावं लागलं हुतं. न्हान जीव हितं कसा ठेवायचा?"

"दुरुस्त करतो की मी. अजून दोन म्हैने हाईत."

"करा. वाळली भिंत तर आणून सोडतो. न्हाय वाळली तर बाळंतपण तिकडंच करू. माझं काय, माझं बी नातवंडच की."

आणि तेजस्वीला घेऊन चारच्या गाडीनं परत गेल्या. पोरगी दारात वळून वळून बघत होती.  दिवेलागणीला मालुबाई माझ्या कट्ट्यावर आली. चहा घेतला नाही.

"आक्का," ती म्हणाली, "पस्तीस वर्सांत माझी एक बिडी फेकली न्हाय कुणी. आज माझ्या घराला छाट काढली."

मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. ते पुढच्या दोन मिनिटांत गेलं, कारण तिचं पुढचं वाक्य होतं, "समदं तुमच्या मोरीपायी."

मीही काही संत नाही. म्हटलं, चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय काय? आणि ठीक आहे, होऊन जाऊ दे. दुसऱ्या दिवसापासून मोरीचा नळ बंद केला, पाणी जायच्या बोळ्यात चिंधी कोंबली, मोरी कोरडी ठणठणीत. आमचे हे खांद्यावर टॉवेल टाकून आठ दिवस पुढच्या गल्लीत भावाच्या घरी अंघोळीला जात होते आणि वाटेत भेटेल त्याला कारण सांगत होते. भांडी मी अंगणात पावसात घासली. आठ दिवसांनी आम्ही दोघींनी मिळून भिंत बघितली. होती तशी ओली.

"बघा," मी म्हटलं. "आणि आणखी एक. आमच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवणं होतात. त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात पाण्याचा थेंब सांडत नाही. तुमची भिंत तर दिवे लागल्यावर जास्त ओली होते. ते पाणी कुणाचं?"

मालुबाईनं आता छपरावर संशय घेतला. गुंडूला बोलावून स्लॅबवर ताडपत्री घातली. तरीही भिंत ओलीच. गुंडू म्हणाला, "मावशी, वरनं न्हाय, बाजूनं न्हाय. आता खालनं असंल. घर पाडून बघू या?" मालुबाईनं त्याला घराबाहेर काढलं.

जुलैच्या शेवटी तेजस्वीचे पाय सुजले, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं, म्हणून मालुबाई मच्छ्याला गेली. भिजवलेली सगळी पानं आधी वळून संपवली, घराची किल्ली मला दिली आणि देवापुढं दिवा लावायला सांगितलं. नऊ दिवस राहिली. त्या नऊ दिवसांत पावसानं निपाणीला नुसतं झोडपलं. रोज सकाळी मी दार उघडायचे, दिवा लावायचे, दार ओढून यायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी सहज मागच्या भिंतीकडं लक्ष गेलं. थेंब नव्हते. हात लावला. भिंत गार होती, पण कोरडी. मला वाटलं माझ्याच हाताला काही झालं असेल, म्हणून दुसरा हात लावला.

फोन केला. "मालुबाई, तुमची भिंत वाळली."

"तिकडं पाऊस न्हाय व्हय?"

"पाऊस? रस्ता दिसेना झालाय."

 मग म्हणाली, "आक्का, हितं पाऊस निपाणीच्या दुप्पट हाय. आणि लेकीच्या घराची एक भिंत वली न्हाय. मी रोज हात लावून बघतो." विहिणीच्या घरात रोज भिंती चाचपत फिरणारी मालुबाई डोळ्यांसमोर आली आणि मला हसू आवरेना. "घर कौलारू हाय. कौलातनं वारं येतंय, धूर जातोय. चुलीवर चोवीस तास काय ना काय शिजतंय, पर समदं वर निघून जातंय. माझ्या घरातनं कुठं जातंय?"

हा प्रश्न तिनं विचारला आणि मी, बत्तीस वर्षं पोरांना शिकवलेली बाई, खुर्चीत बसले. दरवर्षी वर्गात गार पाण्यानं भरलेला तांब्या टेबलावर ठेवायचा आणि पोरांना विचारायचं, बाहेरून पाणी कुठून आलं? तांब्या गळतोय काय? कुणीतरी एक पोर म्हणायचं, हवेतनं. शाब्बास म्हणायचं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘संघनन’ लिहायचं. बत्तीस तांबे भरले मी, आणि शेजारच्या घरातली भिंत म्हणजे तोच तांब्या आहे हे मला दिसलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती भिंत बाहेरच्या अंगाची, पावसानं, वाऱ्यानं गार पडलेली. आत कोंडलेली वाफ तिच्यावर बसून पाणी होत होती. भिंत गळत नव्हती, घर श्वास सोडत होतं आणि तो श्वास घराबाहेर जात नव्हता.

मालुबाई परत आली ती थेट भिंतीकडं गेली. मग कामाला लागली. पानं भिजवली, पोत्यात गुंडाळून कॉटखाली ठेवली, भात लावला, अंघोळीचं पाणी तापवलं, धुतलेलं दोरीवर टाकलं. दार लोटून सुपाशी बसली. चार वाजता मला हाक मारली. भिंतीवर थेंब उभे होते. तिनं भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, उलटं धरलं, त्यावरचे थेंब मला दाखवले, आणि मग भिंतीकडं बोट केलं.

"आक्का, माझं घर डबा झालंय. आणि झाकण मीच लावलंय."

तिनं झाकण पातेल्यावर परत ठेवलं. मग म्हणाली, "वल्या बिड्या डब्यात भरल्या तर बुरशी धरत्यात, हे मला न्हानपणापासून ठावं हाय. त्यासाठीच तर छाट काढत्यात." एवढं बोलून ती रडली. मोठ्यानं, तिच्या नेहमीच्या आवाजात. मी तिला चहा करून दिला आणि माझ्या मोरीची माफी मागायला लावली. तिनं मोरीच्या दाराशी उभं राहून खरंच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी गुंडू आला. पहिलं काम खिडकीचं. ती इतक्या वर्षांत फुगून, रंगानं चिकटून चौकटीचाच भाग झाली होती. गुंडूनं हातोडा घातला, तेव्हा ती कुरकुरत उघडली आणि आतली खोली मी पहिल्यांदा नीट उजेडात बघितली. कोळ्यांची जाळी सोडली तर खोली देखणी होती. पण एका खिडकीनं भागणार नव्हतं. वारं यायला एक वाट, तर जायला दुसरी हवी. झरोका पाडायचा तर तो समोरच्या भिंतीत, उंचावर, म्हणजे बरोबर माझ्या मोरीच्या पत्र्यावर.

मालुबाई माझ्याकडं बघू लागली. एवढी वर्षं ज्या मोरीला नावं ठेवली, तिच्याच डोक्यावर भोक पाडायची परवानगी मागायची होती. मी तिला अर्धा मिनिट तशीच ठेवली. मग म्हटलं, "पाडा."

ऑइलपेंट खरवडायचा होता, बुरशी घासायची होती, मग चुना. बुरशी घासताना मी तिथं थांबले नाही. आम्हा जैनांच्या मते बुरशीतही असंख्य जीव. मी णमोकार म्हणत घरी गेले. मालुबाई मागून ओरडली, "आक्का, म्हणून तर म्हणतो, पुन्यांदा जन्मालाच येऊ देणार न्हाय त्यास्नी!" हा युक्तिवाद आमच्या एखाद्या महाराजांपुढं ठेवावा असा मला वाटला.

आता राहिली पानं. सगळ्या ओलीचं मूळ ती पोती. ती घराबाहेर काढायची तर ठेवायची कुठं? आमच्या मागच्या बाजूला पडवी आहे, तीन बाजूंनी मोकळी. मी म्हटलं, "पानं आमच्या पडवीत ठेवा, वळायलाही तिथंच बसा. तंबाखूचं सूप मात्र पायरीच्या खाली. घरात तंबाखू येणार नाही."

"तुमच्या शेतात तंबाखू पिकतोय की, आक्का."

"शेतात पिकतो. घरात येत नाही."

"झ्याक हाय तुमचा धर्म," ती म्हणाली आणि पायरीच्या खाली पाट मांडून बसली.

मग एकेक गोष्ट तिनं स्वतःच शोधली. कपडे वाळायला पडवीत. भात लावला की झाकण आणि खिडकी उघडी. अंघोळ झाली की दार उघडून पाच मिनिटं वारं. कॉट भिंतीपासून वीतभर पुढं, ट्रंक तर मधोमध. रोज सकाळी उठल्यावर आणि दुपारी दोनला खिडकी-झरोका एकदम उघडायचा, खोलीतून वारं सळसळत जायचं आणि ती भिंतीला हात लावून बघायची. अगदी कारखान्यातल्या चेकरसारखं, बोटांच्या टोकांनी. आठ दिवस गेले. पाऊस चालूच होता. भिंत कोरडी. पंधरा दिवस गेले. मग तिनं मच्छ्याला फोन लावला आणि विनवणी केली नाही, बोलावणंही केलं नाही. नुसतं म्हणाली, "ईहीणबाई, सूप तयार हाय. तपासायला या."

नागुबाई आल्या, तेजस्वीला घेऊन, आणि यावेळी बॅग बाहेरच्या खोलीतच ठेवून. मला मालुबाईनं मुद्दाम बोलावून घेतलं होतं. नागुबाईंनी चारी भिंतींना तळहात लावला. कोपऱ्यात वाकून बघितलं. ट्रंक उघडून एक दुपटं काढलं, नाकाला लावलं. मालुबाई भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या हाताच्या मुठी मला दिसत होत्या. शाळेतले इन्स्पेक्टर आले तेव्हा मीसुद्धा एवढी घाबरले नव्हते.

"कोरडं हाय," नागुबाई म्हणाल्या. मालुबाईच्या मुठी सुटल्या. पण नागुबाईंचं लक्ष वर गेलं. "आणि हे भोक कसलं? ते तेवढं बुजवून घ्या. खिडकी बी बंद करा. बाळंतिणीला वारं लागंल."

झालं. मी डोळे मिटले. बाळंतिणीची खोली म्हणजे खिडक्यांच्या फटीत चिंध्या, दाराला गोधडी, आत शेगडी, धुरी, रोजचं कढत पाण्याचं न्हाणं आणि दोरीवर ओली दुपटी. आपल्या आया-आज्यांनी असंच केलं. म्हणजे सव्वा महिना घराचा पुन्हा डबा.

पस्तीस वर्षं खिडकी बंद ठेवलेली मालुबाई पुढं झाली. तिच्या आवाजाला धार नव्हती, हे मला सर्वांत आश्चर्याचं वाटलं. "ईहीणबाई, ही भिंत वरच्या पावसानं वली न्हवती. आतल्या वाफेनं हुती. मीच कोंडलती. तुमच्या घरात कौलातनं वारं फिरतंय म्हणून तुमची भिंत कोरडी. माझ्या स्लॅबला फट न्हाय, म्हणून हे भोक. हे बुजवलं तर पंधरा दिसांत तुमचा हात पुन्यांदा वला हुईल."

"आणि पोरीला गारठा बसला म्हंजे?"

"दोन खोल्या हाईत की. पोरगी नि बाळ बाहेरच्या खोलीत असताना आतलीतनं वारं काढायचं, मधलं दार बंद करून. मग खिडकी लावून त्यास्नी आत आणायचं. झरोका उंच हाय, खाली वारं लागत न्हाय. शेगडीवर शेकायचं ते दार उघडं ठेवून. न्हाणं मोरीत." इथं तिनं माझ्याकडं बघितलं. "आक्कांच्या मोरीत. पाणी मुरत न्हाय तिथं."

नागुबाई विचारात पडल्या. झरोक्याखाली कॉटवर जाऊन बसल्या. पदर सोडून वारं लागतं काय ते बघितलं. पदर हलला नाही. तेजस्वी सासूजवळ जाऊन बसली. ती म्हणाली, "आत्ती, मला हितं राहायचं हाय." नागुबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग मालुबाईकडं. उठून बाहेरच्या खोलीतली बॅग स्वतः उचलून आणली आणि कॉटवर ठेवली.

"छाट न्हाय," त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांना कुणी सांगितला होता, कोण जाणे. तेजस्वीनंच असणार.

गणपती बोळवल्यावर चौथ्या दिवशी मुलगी झाली. गोरी नाही, सावळी, आणि आवाज आजीचा. चाळीस दिवस मालुबाईनं दोन वेळा खिडकी उघडली आणि दोन वेळा लावली, घड्याळ चुकेल पण ती चुकली नाही. रोज सकाळी आमच्या मोरीत वाफेचे ढग निघायचे, आमचे हे बाहेर टॉवेल घेऊन ताटकळत उभे राहायचे. बाळ एकदाही खोकलं नाही. शिंकलं तेवढं, तेही तंबाखूच्या पायरीजवळ नेलं म्हणून, आणि त्याबद्दल मी मालुबाईला सोडलं नाही.

बिड्या ती वळत होती, पण थोड्याच, बाळ झोपल्यावर, आमच्या पडवीत. तिथं वारं फार. पोतं कितीही ओलं केलं तरी पान तडतडायचं. मी म्हटलं, "मालुबाई, पडदा बांधू का?" तर म्हणाली, "असू द्या आक्का, बाळाची दुपटी बी हितंच वाळतात."

एके दिवशी ती कारखान्यातून परतली ती घरी न जाता थेट माझ्या कट्ट्यावर आली. ओच्यात काहीतरी होतं. ओचा सोडला, तर आठ-दहा बिड्या, तडकलेल्या, पान फुटलेल्या. पस्तीस वर्षांनी निघालेली पहिली छाट. चेकरनं ती फेकायच्या आधी दोनदा तिच्याकडं बघितलं म्हणे, आणि विचारलं, "मालुबाई, तुमची छाट?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हनलो, व्हय, माझीच. घरात नात हाय, खिडकी उघडी हाय."

त्या बिड्या तिनं माझ्या कट्ट्यावर ओळीनं मांडल्या, एकेक हातात घेऊन बघितली आणि हसली. मग तिच्या घरातून बाळाचा आवाज आला, तशी त्या तिथंच टाकून उठली आणि घरी पळाली. त्या मला उचलाव्या लागल्या. तंबाखू होता त्यात, पण उचलल्या.